वेदना, संवेदना आणि खळबळ

आमच्या एका वाचकभगिनीनें गेल्या महिन्यांत एक लहानसा प्रश्न पाठविला आहे. ‘सेन्सेशन’ ह्या इंग्रजी शब्दास मराठींत एकच असा नेमका शब्द कोणता, असें त्या विचारतात. प्रश्न एका ओळीचा. परंतु त्याचें उत्तर एका ओळींत बसत नाहीं. वैद्यकाच्या पुस्तकांत हा शब्द आला तर त्याचा अर्थ एक, मानसशास्त्राच्या वर्गांत आला तर दुसरा, आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला तर अगदींच तिसरा. तेव्हां आमचें उत्तर असें कीं, असा एक शब्द मराठींत नाहीं. आणि तो नाहीं हें एका परीनें बरेंच आहे. कां, तें आज पाहूं.

प्रथम इंग्रजी शब्दाची कुळकथा थोडक्यांत सांगतों. लॅटिन भाषेंत ‘सेन्तिरे’ म्हणून एक धातु आहे. त्याचा अर्थ जाणवणें, प्रतीत होणें. ‘सेन्स’, ‘सेन्टिमेंट’, फार काय, संमति ह्या अर्थाचा ‘कन्सेंट’ हीं सारीं त्याचींच लेंकरें. ‘सेन्सेशन’ म्हणजे आरंभीं केवळ इंद्रियांस होणारी जाणीव. पुढें एकोणिसाव्या शतकांत ह्या शब्दानें शरीराची वेस ओलांडली आणि तो बाजारांत जाऊन बसला. १८६० च्या सुमारास विलायतेंत ज्या कादंबऱ्या वाचतांना वाचकांच्या अंगावर कांटा उभा राही, त्यांस ‘सेन्सेशन नॉव्हेल’ असें म्हणूं लागले. विल्की कॉलिन्स ह्या लेखकाची ‘द वुमन इन व्हाइट’ ही कादंबरी त्यांतलीच. एका अंगावर उठणारा कांटा हळूहळू साऱ्या गांवाच्या अंगावर उठूं लागला, आणि दोहोंस नांव मात्र एकच राहिलें.

आतां आपल्या घरीं येऊं. संस्कृतांत ‘विद्’ म्हणजे जाणणें. ह्या एका धातूचा वंशविस्तार पाहिला म्हणजे मन थक्क होतें. वेद, विद्या, विद्वान्, निवेदन, विद्येवरून वैद्य, आणि त्याच घरांत वाढलेली वेदना! वेदना म्हणजे मुळांत दुखणें नव्हे. वेदना म्हणजे जाणवणें. जें जाणवतें तें सुखाचें असो वा दुःखाचें असो, दोन्ही वेदनाच. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत वेदनेचें अधिष्ठान कोणतें, असा प्रश्न करून मन आणि इंद्रियांसहित देह हें तिचें स्थान सांगितलें आहे, आणि केस, लोम, नखांचीं टोकें असे कांहीं भाग त्यांतून वगळले आहेत. नखाचें टोक कापलें तर कळत नाहीं, एवढी साधी गोष्टहि त्या ग्रंथकारांच्या नजरेंतून सुटली नव्हती. तेथें वेदनेंत सुख आणि दुःख हीं दोन्ही धरलेलीं आहेत.

ह्या जुन्या अर्थाची साक्ष हवी असल्यास आमच्या तळा गांवाहून फार दूर जावयास नको. तळा तालुक्यांतच कुडें येथें डोंगर कोरून केलेलीं सव्वीस बौद्ध लेणीं आहेत. समोर मांदाडची खाडी; भरतीच्या वेळीं पाणी चकाकतांना दिसतें. इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागें ज्या उपासकांनीं हीं लेणीं भिक्षूंच्या निवासासाठीं कोरविलीं, त्यांचीं नांवें भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत आहेत. त्यांत माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, आणि सोमदेव नांवाचा एक वैद्यहि आहे. हा सोमदेव वैद्य इसिरखित, म्हणजे ऋषिरक्षित, ह्या वैद्याचा मुलगा. आणि त्यानें आपल्या दानलेखांत आपल्या मुलांबरोबर मुलींचींहि नांवें कोरवून ठेविलीं आहेत. पिढीजात वैद्याचें घर होतें हें उघड आहे.

त्या लेण्यांतून राहणाऱ्या भिक्षूंच्या शास्त्रांत ‘वेदना’ हा शब्द तर पायाचा दगड आहे. माणूस म्हणून आपण ज्याला म्हणतों तो पांच स्कंधांचा समुच्चय: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान. वेदना तीन प्रकारची: सुख देणारी, दुःख देणारी, आणि ना सुख ना दुःख अशी. बारा कड्यांच्या साखळींत ते स्पर्शानंतर वेदना घालतात आणि वेदनेनंतर तृष्णा. म्हणजे असें कीं, वस्तूचा स्पर्श झाला कीं जाणीव होते, आणि जाणीव गोड लागली कीं ती पुन्हां हवीशी वाटते. वेदना आणि तृष्णा ह्यांच्यामधली फट पाहावयास शिकणें, ह्यांतच त्यांची पुष्कळशी साधना सामावलेली आहे. पंगतींत जिलबीचें ताट फिरत असतां वाचकांनीं हा प्रयोग करून पाहावा. जिभेला गोड लागणें आणि ‘आणखी एक वाढा’ असें म्हणणें ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत हें पटेल.

मराठींत मात्र ह्या शब्दाचें भाग्य पालटलें. तीन वेदनांपैकीं सुखाची वेदना गळाली, उदासीन वेदना गळाली, आणि दुःखाची तेवढी उरली. आज ‘वेदना’ म्हटलें कीं दुखणेंच डोळ्यांसमोर येतें. असें होण्यांत नवल नाहीं. सुख जाणवलें तर आपण तें भोगून मोकळे होतों. दुखूं लागलें म्हणजेच ‘मला जाणवतें आहे’ असें ओरडून सांगतों. जो शब्द कण्हतांना अधिक वापरला, तो कण्हण्याचाच झाला.

मग नुसत्या जाणिवेसाठीं विद्वानांनीं ‘सम्’ हा उपसर्ग लावून ‘संवेदना’ किंवा ‘संवेदन’ हा शब्द पुढें आणला. मानसशास्त्राच्या पुस्तकांतून तो ह्याच अर्थीं येतो: डोळ्यावर प्रकाश पडला, कानावर नाद आदळला, आणि अद्याप त्याचें नांवगांव ठरलें नाहीं, अशी ती पहिली ठिणगी. आमच्या नैयायिकांनीं ह्यालाच निर्विकल्पक प्रत्यक्ष म्हटलें. संध्याकाळीं अंगणांत कांहींतरी लांबट पडलेलें दिसलें, एवढें निर्विकल्पक. ‘ही दोरी आहे’ किंवा ‘हा साप आहे’ असा निश्चय झाला म्हणजे तें सविकल्पक. पहिल्यांत चूक होण्यास जागाच नाहीं. चूक होते ती दुसऱ्यांत. हा भेद ध्यानांत ठेवावा, कारण पुढें वर्तमानपत्रांचा विचार करतांना तो उपयोगी पडणार आहे.

न्यायशास्त्राच्या लहान मुलांच्या पोथींत, म्हणजे तर्कसंग्रहांत, इंद्रियांच्या विषयांची मोजदाद दिलेली आहे. रस सहा, गंध दोन, स्पर्श तीन. गंध काय, तर सुरभि आणि असुरभि, संपलें. स्पर्श शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत. शास्त्रापुरतें हें पुरेसें आहे. परंतु स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या कोणत्याहि गृहिणीला विचारा, ती दोन गंधांवर समाधान मानणार नाहीं. भाजलेल्या डाळीचा वास खमंग, जुन्या खोबऱ्याचा खवट, तळाला लागलेल्या दुधाचा करपट, पावसाळ्यांतल्या कपड्यांचा कुबट, आणि उतूं घातलेल्या पिठाचा आंबूस. रसांचीहि एक गंमत सांगतों. संस्कृतांत ‘कटु’ म्हणजे मिरीसारखें तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडुनिंबासारखें कडू. मराठीनें ‘कटु’ पासून ‘कडू’ केला आणि तो तिक्ताच्या पाटावर नेऊन बसविला. तिखटासाठीं ‘तीक्ष्ण’ पासून निराळाच शब्द घडविला. म्हणून वैद्यकाचा संस्कृत ग्रंथ वाचतांना जो विद्यार्थी ‘कटु’ म्हणजे कडू असें धरून चालतो, तो सुंठीच्या जागीं किराईत देऊन मोकळा होतो. शब्दाचा अर्थ सरकला कीं औषधहि सरकतें.

खरी मराठी श्रीमंती आहे ती त्वचेच्या आणि दुखण्याच्या शब्दांत. ही संपत्ति विद्वानांनीं मिळविलेली नव्हे. ती आजीबाईच्या बटव्यांतली आहे. डोकें ठणकतें, गळूं ठसठसतें, पोटांत कळ येते किंवा मुरडा येतो, पाठींत उसण भरते, बरगडींत चमक निघते, दाढेंत सणक जाते. भाजलेली जागा भगभगते, खरचटलेली चुरचुरते, बरी होऊं लागलेली हुळहुळते. डोळ्यांत कण खुपतो, पायांत कांटा सलतो, तोंडांत मिरची झोंबते, सुरण नीट शिजला नाहीं तर घसा खवखवतो. बसून बसून पायास मुंग्या येतात, कोपर आपटलें तर झिणझिण्या येतात, गार वाऱ्यानें शिरशिरी येते, तापानें हुडहुडी भरते, आणि कीर्तनांत एखादा अभंग चांगला रंगला म्हणजे अंगावर रोमांच उभे राहतात. ह्यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागीं ठेवून पाहा. मराठी माणूस लागलीच हंसेल. ‘माझें गळूं झोंबतें’ असें कोणी म्हणत नाहीं.

ह्या शब्दांस केवळ घरगुती समजूं नये. दुखण्याचे शब्द हे निदानाचें साधन आहेत, ही गोष्ट पाश्चात्य वैद्यकानेंहि मान्य केली आहे. १९७५ सालीं कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक ह्या मानसशास्त्रज्ञानें रोग्यांसाठीं एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तींत दुखण्याचें वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. रोग्यानें आपणांस लागू पडणारे शब्द निवडावे आणि त्यांवरून वैद्यानें दुखण्याची जात ओळखावी, अशी योजना. ठणका म्हणजे रक्ताच्या ठोक्याबरोबर येणारें दुखणें, आग आणि मुंग्या म्हणजे बहुधा मज्जातंतूंची तक्रार, हें आपल्या आजीला प्रश्नावलीवांचून ठाऊक होतें. परंतु आतां घरांतील मुलें डॉक्टरांपुढें उभीं राहिलीं कीं त्यांच्या तोंडून एकच शब्द निघतो: ‘पेन होतें.’ कसलें पेन? ‘पेन म्हणजे पेन.’ बटवा घरांत असून औषध मिळूं नये, तसा हा प्रकार आहे.

आणि आतां ज्या कारणासाठीं आम्हीं हा विषय हातीं घेतला, तें सांगतों. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील वडील गृहस्थ, वय सत्तरीच्या पुढें, मधुमेह पंधरा वर्षांचा. शहरांतील एका दवाखान्यांत तपासणीस गेले असतां तरुण डॉक्टरांनीं मोठ्या आदबीनें विचारलें, “आजोबा, पायांना संवेदना आहेत ना?” आजोबा म्हणाले, “छे छे, वेदना मुळींच नाहींत. देवाची कृपा आहे.” डॉक्टर घाईंत होते, उत्तराचा सूर समाधानाचा होता, तपासणी पुढें सरकली. त्या पावसाळ्यांत त्यांच्या वहाणेचा खिळा वर आला. ते त्याच वहाणेनें दोन दिवस देवळांत जात येत राहिले. सून ओटी पुसत असतां फरशीवर रक्ताचे डाग दिसले, तेव्हां घरास कळलें. त्यांस स्वतःस कळलेंच नव्हतें. जखम चिघळली आणि शेवटीं पायाचा अंगठा व त्याच्या शेजारचें बोट काढावें लागलें. एका उपसर्गाचा हा हिशेब. वेदना नाहीं ही आनंदाची वार्ता असूं शकते. संवेदना नाहीं ही धोक्याची घंटा आहे. आणि संवेदना गेली कीं वेदना आपोआप जातेच, म्हणून ही घंटा वाजत नाहीं.

मधुमेहांत कालांतरानें पायांचे मज्जातंतु मंद होतात. त्याच्याहि आधीं आपल्या लोकांस हा प्रकार ठाऊक होता तो महारोगामुळें. त्वचेच्या बधिर चट्ट्यास मराठींत ‘सुनबहिरी’ असें फार बोलकें नांव आहे; कातडी जणूं बहिरी झाली, हांक मारली तर ओ देत नाहीं. चरकानेंहि कुष्ठाच्या पूर्वलक्षणांत स्पर्श न कळणें हें लक्षण सांगितलें आहे. १८७३ सालीं नॉर्वेमधील हॅन्सेन ह्यांस ह्या रोगाचे जंतु सांपडले. तरीहि रोग्याची बोटें झडतात तीं रोगानेंच कुजून, अशी समजूत पुष्कळ वर्षें राहिली. वेल्लोर येथें काम करणाऱ्या डॉक्टर पॉल ब्रँड ह्यांनीं दाखवून दिलें कीं, बोटांचा नाश मुख्यतः त्यांस दुखत नाहीं म्हणून होतो. गरम भांडें हातीं धरलें तरी कळत नाहीं, खडा रुतला तरी कळत नाहीं. ज्या वेदनेला आपण जन्मभर शिव्या देतों, ती दारावरची राखणदार आहे, हें ती गेल्यावर कळतें.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे. घरांत मधुमेही वडीलधारें माणूस असेल तर ‘संवेदना आहे का’ असें पुस्तकी न विचारतां, डोळे मिटावयास सांगून तळव्यास कापसाचा बोळा लावावा आणि ‘कोठें हात लावला, सांगा बरें’ असें विचारावें. डॉक्टर लोक ह्यासाठीं दहा ग्रॅम भारानें वांकणारा नायलॉनचा धागा वापरतात. तो प्रकार करून घ्यावाच. रोज रात्रीं तळवे पाहावे, वहाणेंत हात घालून मगच ती पायांत घालूं द्यावी, आणि पाय शेकावयाचे पाणी त्यांच्या पायानें न पाहतां आपल्या हातानें पाहावें. सूनमुलींनीं हें काम लाजेचें मानूं नये आणि वडिलांनींहि संकोच धरूं नये.

आतां शब्दाची दुसरी स्वारी, म्हणजे समाजाच्या अंगावर उठणारा कांटा. ह्यास मराठींत उत्तम शब्द आहे: खळबळ. तोंड खळबळून धुतात त्यांतलाच हा शब्द. स्थिर पाण्यांत हात घालून तें ढवळलें कीं तळचा गाळ वर येतो. पाणी हालतें पुष्कळ, पण दिसेनासें होतें. अलीकडे हिंदीच्या वाटेनें ‘सनसनाटी’ आला. अंगांत सणसण होणें हा त्याचा मूळ अर्थ. आपल्या सणसणीत तापाचा आणि सणसणीत चपराकीचा तो भाऊबंदच. खळबळीचा विषय पाण्याचा आहे, सनसनाटीचा कानशिलाचा. दोन्हींत एक गोष्ट समान: जाणीव होते, ज्ञान होत नाहीं.

ह्या बाबतींत आपल्या इतिहासांतलें एक प्रकरण विचार करण्यासारखें आहे. जानेवारी १८८१ मध्यें ‘केसरी’ आणि ‘मराठा’ हीं पत्रें निघालीं. ‘केसरी’चे संपादक आगरकर, ‘मराठा’चे टिळक. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींस वेड लागल्याचें सांगून त्यांचा छळ चालला आहे, अशा वार्ता त्या वेळीं येत होत्या, आणि साऱ्या महाराष्ट्राचें मन त्यामुळें कळवळत होतें. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे ह्यांच्या नांवाचीं कांहीं पत्रें हातीं आलीं. तीं खरीं मानून ह्या दोन्ही पत्रांनीं बर्व्यांवर कडक टीका केली. बर्व्यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद केली. न्यायालयांत तीं पत्रें बनावट ठरलीं, आणि जुलै १८८२ मध्यें दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. दोघेहि तेव्हां सव्विशीच्या आसपासचे. डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून ऑक्टोबरांत ते सुटले, तेव्हां लोकांनीं त्यांचा मोठा सत्कार केला. आगरकरांनीं त्या दिवसांवर पुस्तकहि लिहिलें. पुढें १८८३ सालीं ते छत्रपति अहमदनगरच्या किल्ल्यांत एका गोऱ्या पहारेकऱ्याशीं झालेल्या झटापटींत मृत्यु पावले.

ह्या प्रकरणांतून आम्ही असें घेतों. कळवळा खरा होता. कागद खोटे होते. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर, अंगणांत कांहींतरी लांबट पडलें होतें हें निर्विवाद. निश्चयांत मात्र चूक झाली. टिळक-आगरकरांसारख्या बुद्धिमान् आणि निःस्वार्थी पुरुषांस जर असें होऊं शकतें, तर सकाळीं उठून हातांतल्या फोनवर आलेली बातमी दहा नातेवाइकांस पाठविणाऱ्या आपणां सर्वांची कथा ती काय! त्या दोघांनीं निदान आपल्या शब्दांची किंमत तुरुंगांत जाऊन चुकविली. आज खळबळ उडविणारा निराळा आणि किंमत चुकविणारा निराळा, अशी सोय झाली आहे.

‘संवेदनशील’ ह्या शब्दाचाहि थोडा समाचार घेतला पाहिजे. पूर्वीं हें विशेषण कवीस लावीत. आतां तें मतदान-केंद्रास लागतें. आमच्याच जिल्ह्यांतील माथेरान २००३ सालीं केंद्र सरकारनें ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र’ म्हणून जाहीर केलें. मुंबईच्या शेअरबाजारांत तीस कंपन्यांच्या भावांवर चालणारा जो निर्देशांक १९८६ पासून आहे, त्याच्याहि नांवांत संवेदनाच आहे. ‘सेन्सेक्स’ म्हणजे संवेदी निर्देशांक. ह्या तीन ठिकाणीं अर्थ एकच: थोड्याशा धक्क्यानें ज्याचें बिघडतें तें. जाणतो तो संवेदनशील, हा अर्थ मागें पडून बिघडतो तो संवेदनशील, असा अर्थ पुढें आला. घरांतील एखाद्या मुलीस ‘फार सेन्सिटिव्ह आहे’ असें आपण जेव्हां म्हणतों, तेव्हां ह्या दोहोंपैकीं कोणत्या अर्थानें म्हणतों, हें आपल्याशींच एकदां तपासावें. दुसऱ्याचें दुःख तिला आधीं कळतें म्हणून म्हणत असल्यास ती स्तुति आहे. ती रडते म्हणून म्हणत असल्यास दोष तिचाच असतो असें नाहीं.

शेवटीं ‘शोकसंवेदना’. हा शब्द संदेशांतून पाठवावयास फार सोपा झाला आहे. दोन जोडलेले हात आणि एक शब्द, काम झालें. आमच्या लहानपणीं ह्यासाठीं ‘दुखवट्यास जाणें’ असा शब्दप्रयोग होता, आणि त्यांत ‘जाणें’ हें क्रियापद महत्त्वाचें होतें. ओटीवर जाऊन बसावें, फारसें बोलूं नये, उठतांना ‘येतों’ न म्हणतां उठावें. दुसऱ्याची वेदना आपणांस जाणवली, तर तिचा पुरावा शब्दांत नसून पायांत असे.

आमच्या वाचकभगिनीस आतां उत्तर देतों. अंगास जाणवतें ती संवेदना. दुखतें ती वेदना. गांवांत उठते ती खळबळ. आणि दुसऱ्याचें दुःख आपलें होतें ती सहवेदना. इंग्रजीनें ह्यांतल्या दोन गोष्टी एका पेटींत ठेविल्या. आपल्याकडे त्यांस निराळे कप्पे आहेत. ते मिसळूं देऊं नयेत, एवढेंच. आणि ठणका, ठसठस, मुंग्या, झिणझिण्या हे शब्द मुलांच्या तोंडीं राहतील असें करावें. त्यांपैकीं एखादा वेळेवर आठवला तर एखादें बोट वांचेल.